पाहुणा साठ दिवसांचा, तलाव बारा महिन्यांचा

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बायकांना झालंय काय? आपल्याकडे हंड्याची चिंता, आणि या पोहण्याच्या तलावाबद्दल बोलतायत! पण मुळशी, मावळ, कर्जत, अलिबाग, वाडा, इगतपुरी, पाचगणी या भागांतल्या मैत्रिणींना हा विषय परका नाही. मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले आपल्या गावांच्या शिवारात उभे राहिलेत. बंगला आला की मागोमाग तलाव येतो. मालक येतो अधूनमधून. तलाव मात्र कायम आपल्याजवळ असतो.

गेल्या दिवाळीनंतरच्या आमच्या मासिक बैठकीला एक पाहुणी आली होती. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला ज्यांचा बंगला आहे, त्या मॅडम. घर पुण्यात, नोकरी पुण्यात. इथं महिन्यातून दोन शनिवार-रविवार, मे महिन्यात आठ-दहा दिवस आणि दिवाळीत दोन-तीन दिवस येतात. आमच्या गटातली एक ताई आणि तिचे मालक त्या बंगल्याची देखभाल करतात.

मॅडम म्हणाल्या, "ताई, बंगल्यात पोहायचा तलाव बांधायचाय. बारा महिने वापरता येईल असा. नातवंडं येतील, आणि आईला गुडघ्यासाठी पाण्यातले व्यायाम सांगितलेत. ठेकेदार म्हणतोय दोन महिन्यांत करून देतो. पण सांभाळणार तुम्ही. म्हणून आधी तुम्हाला विचारायला आले."

आधी विचारायला आल्या, हे आम्हाला आवडलं. बहुतेक वेळा जेसीबीचा आवाज आल्यावरच गावाला कळतं.

पण बैठकीत लगेच दोन तट पडले. एकजण म्हणाली, "त्यांची जागा, त्यांचं बोअर, त्यांचा पैसा. आपलं काय जातंय? उलट कुणाला तरी काम मिळंल." आमच्या आक्का कोपऱ्यातून म्हणाल्या, "जमिनीवर कुंपण घालता येतं गं, जमिनीखालच्या पाण्याला कुठलं आलंय कुंपण?" मग ठरलं, भांडत बसण्यापेक्षा हिशोब मांडू. बचतगटाच्या बायका आपण, हिशोबाला काय घाबरायचं! तो हिशोब आज तुमच्यापुढे ठेवतोय.

एकदा भरायला किती पाणी?

ठेकेदारानं मॅडमना आराखडा दिला होता तो ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी ५ फूट खोल असा. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार केला की झाले २,२५० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावतं. म्हणजे जवळजवळ ६४,००० लिटर.

हा आकडा ऐकून काही वाटत नाही. म्हणून हंड्यात मोजला. १५ लिटरचा हंडा धरला तर सव्वाचार हजारांवर हंडे. दहा हजार लिटरचे टँकर म्हटले तर साडेसहा. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला रोजचे झाले २७५ लिटर. म्हणजे हा तलाव एकदा भरायला जे पाणी लागतं, त्यात पाच माणसांचं एक घर साडेसात महिने चालतं.

भरलं म्हणजे संपलं का?

इथंच सगळे फसतात. ठेकेदार सांगतो, "एकदा भरला की झालं. पाणी तेच तेच फिरत राहतं." पाणी फिरतं हे खरं, पण ते उडतंही.

मार्च ते मे या दिवसांत आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण ५ ते ८ मिलिमीटरनं उतरते. ऊन कडक आणि वारा सुटलेला असेल तर जास्त. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मॅडमच्या तलावाचा पृष्ठभाग जवळजवळ ४२ चौरस मीटर. रोज ६ मिलिमीटर धरले तर २५० लिटर हवेत गेले. मार्च, एप्रिल, मे या ९२ दिवसांत २३,००० लिटर.

२५० लिटर म्हणजे जवळपास एका घराचा रोजचा वाटा. आक्का म्हणाल्या, "म्हंजी गावात एक घर वाढलं. दिसायला माणूस नाही, पण पाण्याच्या रांगेत रोज उभं!" तेव्हापासून आमच्या गटात तलावाला 'वाढीव घर' असंच नाव पडलंय.

त्यात गाळणी धुण्याचं पाणी वेगळं. तलावाचं पाणी मोटरीनं वाळूच्या गाळणीतून फिरवतात. गाळणीत मळ साचला की पाणी उलटं सोडून ती धुवावी लागते. तासाला दहा हजार लिटर ओढणारी मोटर असेल तर तीन मिनिटांच्या धुण्याला ५०० लिटर जातात. आठवड्यातून एकदा धुतली तर वर्षाला २६,००० लिटर.

तुमच्या गावात असा तलाव असेल तर एक सोपी परीक्षा करा. एक बादली पाण्यानं भरून तलावाच्या पायरीवर ठेवा. बादलीतल्या आणि तलावातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. दोन-तीन दिवस मोटर बंद ठेवून, वरून पाणी न घालता पाहा. दोन्हींची पातळी सारखीच उतरली तर ते ऊन-वाऱ्यानं गेलं. तलावाची जास्त उतरली तर कुठंतरी गळती आहे. गळका तलाव म्हणजे एक घर नव्हे, अख्खी वाडी रांगेत उभी केल्यासारखं.

हे पाणी येणार कुठून?

आपल्या सह्याद्रीच्या कडेला पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. असं का? आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात पाणी साठत नाही. साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही जागा थोडी. पावसाळ्यात ती लवकर भरते आणि बाकीचं पाणी ओढ्यानं निघून जातं. तेवढ्याच साठ्यावर पुढचे आठ महिने काढायचे. वरच्या अंगाचं बोअर आणि खालच्या अंगाची विहीर बऱ्याचदा एकाच भेगेतून पाणी पितात. वर रोज मोटर चालली की खाली दोर लांब करावा लागतो. आक्कांचं कुंपणाचं म्हणणं ते हेच.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९९३ सालच्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यावर बंधन घातलं. पुढे २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं रक्षण हा त्याचाही गाभा आहे. म्हणून 'माझ्या जागेत माझं बोअर' एवढं म्हणून विषय संपत नाही. आधी अंतर मोजा. आणि गावाच्या नळाचं पाणी तलावाला जाणार असेल, तर तो प्रश्न ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे यायलाच हवा. त्या समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, हे विसरू नका.

आम्ही मॅडमना विचारलं, "तलाव भरणार कधी?" त्या म्हणाल्या, "बांधकाम मार्चमध्ये संपेल, म्हणजे एप्रिलमध्ये." आम्ही एकमेकींकडे बघितलं. विहिरीवर रांग लागते त्याच महिन्यात चार हजार हंडे! त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. पुण्यात नळ सोडला की पाणी येतं, त्यात एप्रिल आणि ऑगस्ट सारखेच दिसतात.

मग आमच्यातली एक, जी गावात पाणी तपासणीचं काम करते, तिनं वही ओढली आणि छपराचा हिशोब केला. बंगल्याचं छप्पर सुमारे १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि गळून-उडून त्यातला पाचवा भाग गेला, तरी ७,००० लिटरच्या वर पाणी पन्हाळीतून मिळतं. असे मुसळधार दिवस आपल्याकडे आषाढ-श्रावणात काही कमी नसतात. तलाव छपराच्या पाण्यानं भरायचा आणि भरायचा तो पावसाळ्यातच. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात छपराची धूळ आणि पाखरांची घाण असते. नंतरचं गाळून घ्यायचं.

कुणी नसताना तलाव काय करतो?

मॅडमचे येण्याचे दिवस मोजले तर वर्षाला ६० भरतात. उरलेले ३०५ दिवस तलाव एकटा. पण तलावाला सुट्टी देता येत नाही. मोटर रोज काही तास चालवावीच लागते. पाणी थांबलं, औषध संपलं, की कडक उन्हात थोड्या दिवसांत ते हिरवं होतं. क्लोरीन उन्हानं उडून जातं आणि शेवाळ धरतं. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट वीज खाते. रोज पाच तास धरले तर वर्षाला दीड हजार युनिटच्या आसपास. तीही माणूस नसताना.

सोडून दिलेला तलाव डासांचं घर होतो. डेंग्यूचा डास साचलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मालक पंधरा दिवसांनी येणार, डास त्याच्या आधी तयार. आणि डास काही पुण्याला जात नाही, तो वाडीतच येतो.

मग काहीजण म्हणतात, "वापर नसेल तेव्हा रिकामा करून टाकू." हेही करू नका, आणि पावसाळ्यात तर नकोच. जमीन पाण्यानं फुगलेली असते. तलाव भरलेला असला की आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला दाबून धरतं. रिकामा झाला की खालचं पाणी त्याला वर ढकलतं, आणि तळाला तडे जातात, कधी अख्खा हौद वर उचलला जातो. शिवाय रिकामा केला की पुन्हा भरायचे चार हजार हंडे आहेतच.

यावर उपाय म्हणजे झाकण. तलावावर पसरायचं जाड प्लॅस्टिकचं आच्छादन मिळतं. पाण्याला ऊन-वारा लागला नाही की उडणारं बहुतेक पाणी वाचतं. औषध कमी लागतं, पालापाचोळा पडत नाही, आणि थंडीत पाण्याची ऊबही टिकते. बारा महिने पोहायचं असेल तर झाकण हा शौक नाही, गरज आहे. मात्र झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी आठवड्याला काढायचं, नाहीतर तिथंही डास होतात. आणि पातळ झाकणावर मूल पडलं तर ते त्यात गुंडाळून खाली जातं, म्हणून झाकण म्हणजे सुरक्षा असं कधीही समजू नका.

औषध कुणाच्या हातानं पडतं?

गावाच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात आणि ओ.टी. टेस्टनं पाणी पिवळं होतं का बघतात, हे आपण पाहिलंय. तलावातही क्लोरीनच असतं, पण जास्त. नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं तरी पुरतं. तलावात १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात. पाण्याचा आंबट-खारेपणा, ज्याला पीएच म्हणतात, तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा लागतो. तो वाढला की ऍसिड टाकून खाली आणतात.

इथं धोका आहे तो मालकाला नाही, आपल्या बाईला आहे. म्हणून पाच गोष्टी पाठ करा.

एक, क्लोरीन आणि ऍसिड कधीही एकत्र करायचं नाही, एका भांड्यानं मोजायचंही नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

दोन, दोन वेगळ्या प्रकारच्या क्लोरीन पावडरी किंवा गोळ्या मिसळायच्या नाहीत. त्या पेट घेऊ शकतात.

तीन, बादलीत आधी पाणी, मग त्यात औषध. औषधावर पाणी ओतायचं नाही.

चार, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पदरानं भागत नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. श्वास कोंडला तर लगेच मोकळ्या हवेत जायचं आणि १०८ ला फोन करायचा.

पाच, औषधाची रिकामी बादली घरी आणायची नाही. दिसायला छान, झाकणाची, म्हणून आपण पीठ ठेवायला नेतो. नका नेऊ.

गाळणी धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडायचं नाही. एखाद्या खड्ड्यात दोन-चार दिवस उन्हात राहू दिलं की क्लोरीन उडतं, मग ते झाडांना चालतं. पण मीठ घालून चालवायचा तलाव असेल तर त्याचं पाणी पिकाला अजिबात नको.

कुंपण आधी, पाणी नंतर

आता जे सांगतोय ते रेडिओवर सांगताना आमच्या दोघींचा आवाज बसला होता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या गटातल्या एका ताईचा तीन वर्षांचा नातू शेजारच्या बंद बंगल्याच्या आवारात गेला. तो तलाव कुणी वापरत नव्हतं. तळाला गुडघाभर पावसाचं पाणी, त्यावर हिरवं शेवाळ. पोरगं घसरून त्यात पालथं पडलं. ना ओरडणं, ना हात मारणं, काही आवाज नाही. गवत कापायला गेलेल्या एकीला लाल सदरा दिसला म्हणून तो आज अंगणवाडीत जातोय. त्या तलावाला कुंपण नव्हतं. गेटला कुलूप होतं, पण तारेतून कुत्रं जाईल एवढी फट होती.

मैत्रिणींनो, बुडणारं मूल हाक मारत नाही. सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही. पाणी नाकातोंडात गेल्यावर आवाज निघतच नाही. लहान मुलाला गुडघाभर पाणीसुद्धा पुरतं.

म्हणून तलावाला चारही बाजूंनी कुंपण हवं. बंगल्याच्या आवाराचं नव्हे, तलावाचं स्वतःचं. उंची निदान चार फूट, दोन गजांतली फट चार इंचांपेक्षा कमी, पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी नको. फाटक आपोआप बंद होणारं, खटका मुलाच्या हाताला न पोचणारा. जवळ लांब बांबू आणि दोर कायम टांगलेला. कुणी बुडत असेल तर आपण उडी मारायची नाही, बांबू नाहीतर साडी टाकून ओढायचं. बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोट दाबत बसायचं नाही. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि १०८ ला बोलवायचं. हे नुसतं ऐकून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून गटाला एकदा शिकवून घ्या.

तलावाजवळच्या विजेला गळती होताच वीज तोडणारा स्विच आणि नीट अर्थिंग हवं. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच. आणि तळाशी पाणी ओढणारी जाळी एकच नको, दोन हव्यात, वर घट्ट झाकणं. एका जाळीच्या ओढीत केस अडकून माणूस खाली राहू शकतं.

हजेरी कुणाची?

देखभाल करणाऱ्या ताईला मॅडमनी सहज विचारलं होतं, "रोज जरा बघशील ना?" आम्ही त्या 'जरा'चा हिशोब केला. पालापाचोळा काढणं, मोटर लावणं, पाणी तपासणं याला रोज अर्धा तास. आठवड्याला घासणं आणि गाळणी धुणं याला दोन तास. वर्षाचे झाले २८६ तास. आठ तासांच्या रोजानं जवळजवळ ३६ दिवसांची हजेरी! ताई स्वतःच चकित झाली. "मी तर म्हणाले होते, हो बघीन की," म्हणाली. आपण बायका 'बघीन की' म्हणतो, आणि ते काम कुणाच्या वहीत चढत नाही.

मग ठरलं काय?

मॅडम तीन बैठकांना आल्या. काही गोष्टी त्यांना पटल्या, काही आम्हाला. आता तलाव होणार आहे तो २० फूट लांब, १० फूट रुंद, ४ फूट खोल. पाणी साडेबावीस हजार लिटर, आधीच्या जवळजवळ एक तृतीयांश. आईच्या व्यायामाला आणि नातवंडांना तेवढा पुरतो. छपराचं पाणी घेणार, पहिला भरणा पावसाळ्यात. २० हजार लिटरची बंद टाकी वेगळी, उन्हाळ्यात लागेल तेवढी भर तिच्यातून. वाळूची गाळणी न घेता कापडी घडीची गाळणी घेणार, ती नळीखाली थोड्या पाण्यात धुता येते. झाकण आणि कुंपण आधी बसवायचं, मगच पाणी सोडायचं. ताईचा ३६ दिवसांचा रोज पगारात वेगळा लिहून मिळणार, हातमोजे आणि चष्मा मालकांकडून.

एका गोष्टीवर मात्र अजून एकमत नाही. टाकीही संपली तर मे महिन्यात बोअर चालवायचं का? मॅडम म्हणतात, थोडंसं. आम्ही म्हणतो, विहिरीवर रांग लागली की तलावाची मोटर बंद, पाणी उतरलं तरी चालेल. हा प्रश्न आम्ही आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत मांडणार आहोत, कारण तो एकट्या मॅडमचाही नाही आणि एकट्या आमच्या गटाचाही नाही. आणि आक्कांना अजूनही वाटतं की तलाव नकोच होता. त्यांचं म्हणणं आम्ही ठरावाच्या वहीत तसंच लिहून ठेवलंय.

तुमच्यापैकी काही गट कृषी पर्यटनाचं काम करतात. पाहुणे विचारतात, "स्विमिंग पूल आहे का?" आणि आपल्यालाही वाटतं, बांधावा एक. बांधायचाच तर हाच हिशोब स्वतःलाही लावा. मालकाला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं नको.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी हे सहा प्रश्न फळ्यावर लिहा: गावाच्या शिवारात असे तलाव किती आहेत? ते कोणत्या महिन्यात आणि कुठल्या पाण्यानं भरतात? पिण्याच्या विहिरीपासून त्यांचं बोअर किती लांब आहे? कुंपण आहे का? वापर नसताना पाणी कोण बघतं? आणि त्या बाईला त्याचे पैसे मिळतात का?

उत्तरं मिळाली की आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. पाहुणा आला की आपण त्याला आधी पाणी देतो, ही आपली रीतच आहे. पण तांब्या भरण्याआधी माठात किती आहे ते बघायचं, हेही आपल्याला आईनंच शिकवलंय. चला, भेटू पुढच्या भागात. नमस्कार.